रॅकेटबॉल प्रशिक्षण

रॅकेटबॉल खेळणाऱ्याचे फटके, कोर्टवरील हालचाल, फटका निवडण्याची समज आणि सामन्यातील मनःस्थिती यांची पद्धतशीर जडणघडण करण्याच्या कार्यास रॅकेटबॉल प्रशिक्षण म्हणतात. हा खेळ चार भिंती व छत असलेल्या बंदिस्त कोर्टवर, पोकळ रबरी चेंडू आणि आखूड दांड्याची रॅकेट घेऊन दोन, तीन किंवा चार जण खेळतात. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, मेक्सिको आणि बोलिव्हिया या देशांत तो विशेष रुजलेला आहे. ब्रिटनमध्ये स्क्वॉशच्या कोर्टवर मोठ्या चेंडूने खेळला जाणारा आणि आता स्क्वॉश ५७ म्हणून ओळखला जाणारा खेळ याहून वेगळा असल्याने येथे त्याचा विचार केलेला नाही.

कनेक्टिकट राज्यातील ग्रीनिच येथे राहणाऱ्या जो सोबेक यांनी १९५० च्या सुमारास वायएमसीएच्या हँडबॉल (भिंतीवर हाताने चेंडू मारण्याचा खेळ) कोर्टवर हा खेळ सुरू केला. त्यामुळे कोर्टाचे मापही हँडबॉलचेच राहिले : लांबी ४० फूट, रुंदी २० फूट आणि समोरच्या भिंतीची उंची २० फूट. १९६९ मध्ये रॉबर्ट केंडलर यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि १९७० च्या दशकात अमेरिकेत रॅकेटबॉलचे क्लब झपाट्याने वाढले. आरंभीच्या पिढीतील बहुतेक खेळाडू एकमेकांना पाहून आणि स्वतःच चुका सुधारत शिकले. १९९५ पासून पॅन अमेरिकन क्रीडास्पर्धांत स्थान मिळाल्यावर राष्ट्रीय संघांची तयारी अधिक नियमित झाली.

खेळाची प्रकृती आणि प्रशिक्षकाचे काम

या खेळात काय शिकवायचे हे प्रामुख्याने कोर्टाची रचना आणि चेंडूचा वेग यांवरून ठरते. समोरच्या भिंतीवर स्क्वॉशमध्ये असते तशी पत्र्याची पट्टी येथे नसते. म्हणून जमिनीपासून दोन-तीन बोटांवर मारलेला चेंडूही वैध ठरतो, आणि भिंत व जमीन यांच्या अगदी सांध्याजवळ लागलेला चेंडू टप्पा न घेता जमिनीवरून घरंगळत येतो. असा चेंडू परतवता येत नाही. सव्वादोन इंच व्यासाचा हा चेंडू फार उसळतो आणि छतावरूनही खेळता येतो, त्यामुळे हातचा गेला असे वाटणारा चेंडू मागच्या भिंतीवरून पुन्हा मारण्याजोगा होऊन समोर येतो. अव्वल खेळाडूंच्या सर्व्हिसचा वेग ताशी १५० मैलांच्या, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरच्या पुढे जातो. अशी सर्व्हिस समोरच्या भिंतीवर आपटून खेळाडूपर्यंत पोहोचायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो.

एवढ्या अवधीत विचार करून निर्णय घेणे कोणालाही साधत नाही; निर्णय आधीच सवयीत उतरलेला असावा लागतो. तंत्र कोर्टवर शिकवायचे आणि मनोबलाबद्दल सामन्याच्या आदल्या दिवशी चार शब्द सांगायचे, ही पुष्कळ ठिकाणी दिसणारी विभागणी म्हणूनच या खेळाला मानवत नाही. कोणत्या चेंडूवर कोणता धोका पत्करायचा, चूक झाल्यावर पुढची दहा सेकंदे कशी घालवायची आणि दमल्यावर कशाचा आधार घ्यायचा, या गोष्टी फटक्याच्या सरावातच घोटून घ्याव्या लागतात. उत्तम प्रशिक्षक आणि केवळ फटके सुधारून देणारा प्रशिक्षक यांतील फरक येथेच दिसतो.

फटक्याची घडण

फोरहँडसाठी रॅकेटची पकड हस्तांदोलनासारखी, दांड्याच्या टोकाजवळ आणि तर्जनी किंचित पुढे सरकवून घेतली जाते. बॅकहँडसाठी ती थोडी फिरवावी लागते. नवशिके हा बदल टाळतात, कारण घाईत त्याला वेळ नाही असे त्यांना वाटते. परिणामी बॅकहँडला रॅकेटचे तोंड वर वळलेले राहते आणि चेंडू समोरच्या भिंतीवर उंच जातो. चेंडू कोणत्या बाजूला येत आहे हे दिसताच, पाय हलण्याबरोबरच पकड बदलून रॅकेट मागे उचलण्याची सवय लावणे हे पहिल्या काही आठवड्यांचे मुख्य काम असते.

शरीर बाजूच्या भिंतीकडे वळवणे, पुढचा पाय टाकणे, कंबर आणि खांदे फिरवणे, व शेवटच्या क्षणी मनगटाचा झटका देऊन चेंडू गुडघा ते घोटा या उंचीवर मारणे, असा फटक्याचा क्रम असतो. फोरहँडला चेंडू साधारण पुढच्या पायाच्या रेषेत घेतात, बॅकहँडला त्याहून किंचित पुढे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्टी होगन यांनी मोठ्या लंबकासारख्या झोक्याने, चेंडू शरीराच्या बराच मागे येऊ देऊन प्रचंड ताकदीने मारण्याची शैली आणली. चार्ली ब्रमफील्ड यांच्यासारख्यांचा संयमी, अचूकतेवर उभा असलेला खेळ तिच्यापुढे मागे पडला. पुढे रॅकेट मोठ्या आणि हलक्या होत गेल्या, लांबीची मर्यादा २२ इंचांपर्यंत गेली, आणि आज बहुतेक प्रशिक्षक रॅकेट जमिनीला समांतर नेणारा झोका शिकवतात. लंबकासारख्या झोक्यात वेळ किंचित चुकली तरी चेंडू जमिनीत किंवा वर जातो. समांतर झोक्यात तेवढी चूक खपून जाते. होगन यांच्या फटक्याचे अनुकरण करून फसलेले अनेक आहेत, कारण तो फटका त्यांच्या असामान्य वेळसाधनेवर उभा होता.

मागच्या भिंतीवरून येणारा चेंडू हा या खेळाचा खास धडा होय. नवशिका भिंतीजवळ उभा राहून चेंडूची वाट पाहतो आणि चेंडू भिंतीवरून सुटून पुढे गेला की त्याच्यामागे धावत, तोल गेलेल्या अवस्थेत फटका मारतो. खरे तर चेंडूबरोबर मागे जायचे आणि त्याच्याबरोबरच पुढे यायचे असते, म्हणजे फटक्याच्या वेळी शरीराचा भार आपोआप पुढे जातो. यासाठीचा सराव अगदी साधा आहे. खेळाडू हाताने चेंडू मागच्या भिंतीवर टाकतो, एक टप्पा पडू देतो, बाजूने पावले टाकत चेंडूबरोबर सरकतो आणि गुडघ्याखाली आल्यावर मारतो. एकट्याने करता येणारा इतका फलदायी सराव दुसरा नाही. तो कंटाळवाणा वाटतो म्हणून सोडला जातो, आणि त्याची उणीव वर्षानुवर्षे सामन्यांत दिसत राहते.

फटक्याची निवड

घरंगळत येणाऱ्या चेंडूचा मोह हा रॅकेटबॉल शिकणाऱ्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. असा एक फटका जमला की खेळाडू तो कोठूनही मारू पाहतो आणि खांद्याच्या उंचीवरचा चेंडूही खाली दडपायला जातो. चेंडू भिंतीआधी जमिनीला लागला तर रॅली तिथेच संपते. थोडा वर राहिला तर मध्यभागी उभ्या असलेल्या प्रतिस्पर्ध्याला आयता फटका मिळतो. म्हणून प्रशिक्षक चेंडूच्या उंचीवर आधारलेला एक सोपा नियम देतात. चेंडू छातीच्या वर असेल तर तो छताकडे, समोरच्या भिंतीच्या अलीकडे मारायचा, म्हणजे तो उंच टप्पा घेऊन मागच्या कोपऱ्यात उतरतो आणि प्रतिस्पर्ध्याला मागे जावे लागते. कंबरेच्या आसपास असेल तर बाजूच्या भिंतीलगत सरळ किंवा तिरपा पासिंग फटका, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या आवाक्याबाहेरून मागे जाणारा फटका, मारायचा. गुडघ्याखाली असेल आणि पाय स्थिर असतील तरच खाली मारून रॅली संपवायचा प्रयत्न करायचा.

या नियमाला प्रतिस्पर्ध्याच्या जागेची जोड द्यावी लागते. तो आपल्या मागे असेल तर बाजूच्या भिंतीला आधी लावून समोरच्या कोपऱ्यात चेंडू मारणारा पिंच फटका घातक ठरतो. तो पुढे किंवा बाजूला असेल तर तोच पिंच चुकल्यावर चेंडू त्याच्या पुढ्यात येतो, म्हणून तेथे पासिंग फटकाच योग्य. हे नियम पाठ करणे सोपे आहे, पण खेळाडूने ते पाळावेत यासाठी सरावाचे स्वरूप बदलावे लागते. एकच चेंडू एकाच जागी पन्नास वेळा टाकून दिला तर फटका सुधारतो, निवड सुधारत नाही. म्हणून हात बसल्यावर प्रशिक्षक वेगवेगळ्या उंचीचे चेंडू क्रम न सांगता टाकतो, किंवा छातीवरचा चेंडू खाली मारल्यास गुण वजा होईल असा अटींचा गेम खेळवतो. अशा गेममध्ये संयमाला गुण मिळतात आणि त्यातून सवय बनते.

कोर्टच्या मध्यभागावर ताबा ठेवणे हे या निवडीचेच दुसरे अंग आहे. समोरच्या भिंतीपासून २० फुटांवरची शॉर्ट लाइन आणि तिच्यामागे ५ फुटांवरची तुटक रेषा यांच्या आसपास उभे राहून खेळाडू बहुतेक चेंडूंपर्यंत पोहोचू शकतो; चेंडूचा वेग वाढल्यापासून अनेक प्रशिक्षक तुटक रेषेच्याही किंचित मागे उभे राहायला सांगतात. प्रतिस्पर्धी मागे असताना समोरच्या भिंतीकडे टक लावून पाहणे ही जवळजवळ सार्वत्रिक चूक आहे. मान वळवून त्याची रॅकेट आणि चेंडू पाहिल्यावरच फटक्याचा अंदाज आधी येतो. यासाठी संरक्षक चष्मा अपरिहार्य आहे. अधिकृत स्पर्धांत तो आणि रॅकेटचा मनगटाला बांधायचा पट्टा हे दोन्ही सक्तीचे असतात. समोरच्याला इजा होण्याची शक्यता दिसताच हात आवरणे आणि रॅली पुन्हा खेळणे हेही पहिल्याच दिवसापासून शिकवावे लागते.

महाराष्ट्रात स्क्वॉश किंवा बॅडमिंटन खेळून अमेरिकेत गेलेल्या खेळाडूला हालचाल आणि मनगट यांचा आयता लाभ होतो. मात्र स्क्वॉशचा वर उघडलेला, चेंडू कापणारा फटका आणि बॅडमिंटनची डोक्यावरून मारण्याची ओढ या दोन्ही सवयी मोडायला वेळ द्यावा लागतो.

सर्व्हिस आणि तिचा परतावा

जोरकस ड्राइव्ह, बाजूच्या भिंतीला लागून आडवी जाणारी झेड आणि उंच, संथ लॉब या तीन सर्व्हिसेस प्रथम शिकवल्या जातात. ड्राइव्हमध्ये चेंडूने शॉर्ट लाइन जेमतेम ओलांडून पहिला टप्पा घ्यावा आणि दुसरा टप्पा मागच्या भिंतीआधी पडावा, हे लक्ष्य असते. मागच्या भिंतीवरून उसळणारी ड्राइव्ह कितीही वेगवान असली तरी प्रतिस्पर्ध्याला भेट दिल्यासारखी असते. दोन्ही कोपऱ्यांत एकाच हालचालीतून सर्व्हिस करता येणे हे वेगाहून मोलाचे आहे. लॉबकडे तरुण खेळाडू तुच्छतेने पाहतात, पण दम लागलेला असताना किंवा पहिली सर्व्हिस चुकल्यावर तीच सामना सावरते. सर्व्हिस परतवताना प्रत्येक चेंडूवर गुण मिळवण्याची गरज नसते. चेंडू छतावर मारून सर्व्हिस करणाऱ्याला मध्यभागातून हुसकावले की काम झाले.

मानसिक घडण

पंचाने गुणसंख्या पुकारल्यावर सर्व्हिससाठी दहा सेकंद मिळतात. रॅली चालू असताना मनाला शिकवता येत नाही. शिकवता येतात ती ही दहा सेकंदे. बहुतेक प्रशिक्षक त्यांचा ठरावीक क्रम घालून देतात : आधी झालेल्या रॅलीकडे पाठ फिरवून दीर्घ श्वास, मग पुढच्या सर्व्हिसची किंवा परताव्याची निवड, आणि शेवटी ‘पाय’ किंवा ‘खाली’ असा एकच संकेतशब्द. हा क्रम सरावातील प्रत्येक रॅलीनंतर पाळला नाही तर सामन्यात तो आठवत नाही. तो शिकवलेला असूनही न टिकण्याचे कारण बहुधा एवढेच असते.

गुणपद्धतीनुसार मनावरचा ताण बदलतो. दीर्घकाळ फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळत असे, आणि १५ गुणांच्या दोन गेमनंतर बरोबरी झाल्यास ११ गुणांचा निर्णायक गेम खेळला जाई. त्या पद्धतीत परतवणाऱ्याची हरलेली रॅली एक गुण देऊन जाई, पण सर्व्हिस करणाऱ्याला चुकीबद्दल केवळ सर्व्हिस गमवावी लागे. अलीकडे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रत्येक रॅलीला गुण देऊन ११ गुणांचे, पाचपैकी तीन जिंकायचे गेम खेळले जातात. आता सर्व्हिस हाती असतानाची बेफिकिरीही थेट गुणसंख्येत दिसते, म्हणून सर्व्हिसमधील धोका किती पत्करायचा याचा हिशेब प्रशिक्षकांना नव्याने मांडावा लागला.

फ्रॅन डेव्हिस यांनी फटके, शारीरिक क्षमता आणि मानसिक तयारी यांची एकत्र आखणी करणारी शिबिरे दीर्घकाळ चालवली. जेसन मॅनिनो, रॉकी कार्सन आणि मेक्सिकोच्या पाओला लाँगोरिया हे त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयारी केलेले अव्वल खेळाडू होत. लाँगोरिया यांनी २०११ ते २०१४ या काळात व्यावसायिक स्पर्धांत सलग दीडशेहून अधिक सामने जिंकले. एवढी दीर्घ मालिका केवळ ताकदीवर उभी राहत नाही. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यापुढेही निवडीची शिस्त न सोडणे हे तिच्यामागचे बळ असते.

मध्यांतरातील सल्ला थोडका असावा. तीस सेकंदांच्या विश्रांतीत पकड, पाय, सर्व्हिस आणि डावपेच यांबद्दल एकदम बोलणारा प्रशिक्षक खेळाडूला अधिक गोंधळात टाकतो. प्रतिस्पर्ध्याची एक सवय आणि तिच्यावर करायची एक गोष्ट, एवढेच सांगणे हितावह असते. बाकीचे काम नोंदवहीत होते : काचेच्या मागच्या भिंतीबाहेर बसून प्रशिक्षक प्रत्येक रॅली कोणत्या फटक्याने, चेंडू किती उंचीवर असताना आणि कोर्टच्या कोणत्या भागातून संपली हे टिपतो. खेळाडूला बॅकहँड दगा देतो असे वाटत असताना, प्रत्यक्षात कंबरेवरच्या फोरहँडवर केलेले अनाठायी धाडस बहुसंख्य गुण घालवत होते, असे अशा नोंदींतून पुष्कळदा निघते. मग पुढच्या आठवड्याच्या सरावात बॅकहँडला हात न लावता कंबरेच्या उंचीचे फोरहँड चेंडू टाकले जातात आणि त्यांवर फक्त पासिंग फटक्याची मुभा दिली जाते.