मावशीची फिट आणि बहिणीची फिट

मावशीला फिट आली आणि निदान दांडिया बाजारातल्या आमच्या जिन्यातच झालं: "पाळी जातेय ना तिची, त्याचंच." माझ्या धाकट्या बहिणीला पाळीच्या तोंडावर आकडी येते हे बिल्डिंगभर ठाऊक, त्यामुळे मावशी-भाचीचं दुखणं एकच, असं ठरूनही गेलं. मावशीची किडनी बदलून दोनच महिने झालेत, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आधी बहिणीचं. प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोनपासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचं द्रव्य बनतं आणि मेंदूला शांत ठेवणाऱ्या गाबा-ए रिसेप्टरला (पेशीवरच्या दारालाच म्हणा) ते बळ देतं. पाळी जवळ आली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं, ते बळ ओसरतं. इस्ट्रोजेन हे दुसरं हार्मोन तर मुळातच मेंदूच्या पेशींना चेतवणारं. म्हणून तिच्या फिट्स पाळीच्या आधीच्या तीन आणि नंतरच्या तीन दिवसांत गर्दी करतात. पाळीचा हा संबंध नवा नाही, लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी 1857 मध्येच अशा बायकांना ब्रोमाइड हे फिटवरचं जुनं औषध दिल्याचं सांगितलं होतं. पाळी जाण्याच्या अधल्यामधल्या वर्षांत हा त्रास वाढूही शकतो, म्हणजे जिन्यातला अंदाज अगदीच खुळा नव्हता. पाळी पुरती थांबली, की चढउतार संपून तो बहुधा कमी होतो.

मावशी घेते टॅक्रोलिमस. 1984 मध्ये जपानच्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूत सापडलेलं औषध. ते कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम अडवतं, त्यामुळे शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशी नव्या किडनीवर चालून जात नाहीत. पण हेच एन्झाइम मेंदूतही भरपूर असतं. तिथे ते पेशींना चेतवणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरचं दार वेळेवर लावायला मदत करतं. ते अडलं, की दार जास्त वेळ उघडं राहतं. त्या दाराला बूच असतं मॅग्नेशियमचं, आणि या औषधाने मॅग्नेशियम लघवीवाटे जातं! शिवाय रक्तदाब चढून मेंदूच्या मागच्या भागाला सूज येऊ शकते. मग डोकं ठणकतं, नजर धूसर होते, फिट येते. आदल्या संध्याकाळी मावशी समईसमोर बसून डोळे चोळत म्हणाली होती, "ज्योत पुसट का गं दिसतेय?" आम्ही तिला चष्मा पुसून दिला.

तोंडातल्या बुरशीसाठी आठवडाभर फ्लुकोनाझोल चालू होतं, त्याने टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी चढते. पपनसानेही चढू शकते, गणपतीत कोकणातून कुणी आणलं तर लक्षात असू द्या. पातळी ठीक असूनही फिट येऊ शकते, हे मात्र मला पटायला वेळ लागला.

उपायही निराळे. फेनिटॉइन या फिटच्या औषधाने टॅक्रोलिमसची पातळी घसरून किडनीच धोक्यात येते, म्हणून मावशीला लेव्हेटिरासिटाम हे फिटचं दुसरं औषध दिलं आणि टॅक्रोलिमसचा डोस डॉक्टरांनीच उतरवला. बहिणीला पाळीच्या सुमारास तेवढे दिवस क्लोबाझाम, तेही फिटचंच औषध. ती कालनिर्णयवर लाल गोल काढते. मावशीच्या वहीत गोळीची वेळ असते, आणि औषधाची पातळी तपासायला रक्त द्यायच्या दिवशी सकाळची गोळी डबीतच ठेवून ती लॅबवाल्याची वाट बघते.