इंदूरची खरी दुपार १२:२७ ला

सावली दुपारी १२ वाजता सर्वांत आखूड असते, असं मुलं वहीत लिहितात आणि त्यांना पूर्ण गुणही मिळतात. इंदुरात मात्र तसं होत नाही. आपली घड्याळं ८२.५ अंश पूर्व रेखांशावर चालतात आणि इंदूर ७५.९ अंशांच्या आसपास आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात, म्हणून इथली मध्यान्ह सरासरीने २७ मिनिटं उशिरा येते. पण हे आधीच सांगून टाकलं की सगळी गंमत गेली! चौथी-पाचवीच्या मुलांना आधी आपापला अंदाज लिहू द्या, मग गच्चीवर न्या.

त्यासाठी २५ डिसेंबर फार सोयीचा. शाळेला सुट्टी असते आणि त्या दिवशी मध्यान्ह जवळजवळ सरासरी वेळेलाच होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १६ मिनिटं आधी, तर फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं उशिरा असते.

नुसती काठी रोवली की सावलीचं टोक धूसर पडतं, कारण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. काठी उंच घेतली तर धूसरपणा आणखी वाढतो. त्यापेक्षा काठीच्या डोक्यावर ५ सेंमीचा पुठ्ठ्याचा चौकोन आडवा चिकटवा आणि त्याला ३ मिमीचं भोक पाडा. काठी पाटावर उभी करा आणि पाटावर कागद लावा; भोक त्या कागदापासून बरोबर २० सेंमी उंच हवं. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा, तो भोकातून खाली सोडा आणि टेकतो तिथे खूण करा. सगळी मापं या खुणेपासून घ्यायची, म्हणजे काठी थोडी कलली तरी बिघडत नाही. पाट मात्र सपाट हवा. त्यावर ठेवलेली गोटी घरंगळता कामा नये.

पुठ्ठ्याच्या सावलीत उजेडाचा एक ठिपका दिसेल. तो खुणेच्या सर्वांत जवळ कधी येतो, हे पट्टीने शोधायला गेलात तर फसाल. मध्यान्हीच्या आधीची आणि नंतरची १० मिनिटं धरली, तरी फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर पडतो. म्हणून खुणेभोवती २४ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्यासाठी दोरा नको, तो ताणला जातो; दोन भोकांची पुठ्ठ्याची पट्टी वापरा. ठिपका सकाळी साधारण ११:०६ ला वर्तुळावर येतो आणि दुपारी १:४८ च्या सुमारास पुन्हा येतो. दोन्ही वेळांचा मध्य काढला की १२:२७. दोन्ही बिंदू जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम असते. आपल्याकडचे जुने ज्योतिषी दिशा अशाच ठरवत. मुलांना सूर्याकडे मुळीच पाहू देऊ नका, ठिपक्याकडेच पाहायचं. आणि कुणाचं उत्तर १२:२० आलं तर ते खोडायला लावू नका. पाट हलला का, घड्याळ बरोबर होतं का, ते त्यालाच शोधू द्या.

आपली नाती ग्वाल्हेर-बडोद्यापर्यंत पसरलेली आहेत, त्यांचा इथे छान उपयोग होतो. त्याच दिवशी ग्वाल्हेरच्या मावशीकडे १२:१७ ला आणि बडोद्याच्या मामाकडे १२:३७ ला हेच माप घ्यायला सांगा. इंदुरात ठिपका खुणेपासून २०.८ सेंमीवर पडतो, ग्वाल्हेरला २३.५ वर. ग्वाल्हेरला धुकं असेल तर तिन्ही गावांनी मिळून दुसरा दिवस ठरवावा. दोन्ही मापांचे काटकोन त्रिकोण काढून वरचा कोन मोजा: ४६.१ आणि ४९.६ अंश, फरक ३.५. नकाशावर दोन शहरांमधलं सरळ उत्तर-दक्षिण अंतर ३९० किलोमीटरच्या आसपास भरतं. रस्त्याचं अंतर इथे चालत नाही. ३९० × ३६० ÷ ३.५ म्हणजे सुमारे ४०,००० किलोमीटर, पृथ्वीचा परीघ! कोनमापकावर अर्ध्या अंशाची चूक झाली तर उत्तर ३५ ते ४७ हजारांच्या दरम्यान कुठेही जातं, म्हणून प्रत्येक कोन तीन मुलांनी वेगवेगळा मोजावा.

पाट जपून ठेवा. ६ जूनच्या सुमारास इंदुरात १२:२५ ला ठिपका थेट खुणेवर येतो. ६ जुलैच्या सुमारासही येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. मधला महिनाभर भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. ग्वाल्हेर कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्यामुळे तिथे २१ जूनलाही ती १ सेंमी उत्तरेलाच राहते.