आजोबांनी उपटलं, नातीनं लावलं

जुलैच्या दुपारी अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या एखाद्या खेड्यात परसदारी उभं राहिलं की हवा अंगाला चिकटते. समुद्र हजार किलोमीटरहून लांब, तरी दमटपणा कोकणासारखा. कारण कुंपणापलीकडे आहे: मका. ऐन वाढीतला एक एकर मका दिवसाला ११ ते १५ हजार लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडतो. तिथले लोक म्हणतात, मक्याला घाम सुटलाय.

कुंपणाच्या अलीकडे टोमॅटो, घेवडा, ढोबळी मिरची. आणि त्यांच्या कडेला, मुद्दाम जागा राखून लावलेलं एक तण, मिल्कवीड. पान तोडलं की पांढरा चीक गळतो. जाड पानं, फुगीर बोंड, आणि बोंड तडकलं की रेशमी केसांवर तरंगत निघालेल्या म्हाताऱ्या. मराठी माणसाला ओळख पटायला वेळ लागणार नाही, कारण ही आपल्या रुईची जवळची नातलग आहे. कोवळ्या शेंड्यावरचा पिवळाधमक मावासुद्धा तोच, जो आपल्याकडे रुईवर आणि कण्हेरीवर दिसतो.

या चिकात कार्डेनोलाइड नावाची विषारी द्रव्यं असतात. प्राण्यांच्या प्रत्येक पेशीत सोडियम बाहेर टाकणारा आणि पोटॅशियम आत घेणारा प्रथिनांचा एक पंप असतो. कार्डेनोलाइड नेमकं त्या पंपात जाऊन बसतं आणि तो बंद पाडतं. हृदयाचे ठोके त्यामुळेच बिघडतात. मोनार्क फुलपाखराची अळी मात्र जन्मभर हेच खाते, दुसरं काहीही खात नाही. तिच्या पंपाची घडण तीन ठिकाणी किंचित बदललेली आहे, म्हणून विष तिथे नीट बसतच नाही. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी हेच तीन बदल फळमाशीच्या जनुकात करून पाहिले आणि साधी फळमाशीही हे विष पचवू लागली.

विषावर उपाय झाला, तरी चीक हा चिकटच. इवल्या अळीचं तोंड त्यात बंद होऊ शकतं. म्हणून मोठी झालेली अळी आधी पानाची मुख्य शीर कुरतडते, चिकाचा प्रवाह तोडते आणि मगच पुढचं पान खायला घेते. नळाचा कॉक बंद करून पाइप बदलावा, तसं.

खाल्लेलं विष ती अंगात साठवते, आणि ते फुलपाखरापर्यंत पोचतं. मोनार्क गिळणारा ‘ब्लू जे’ हा निळा पक्षी थोड्या वेळात ओकतो आणि पुन्हा त्या केशरी पंखांच्या वाटेला जात नाही. आपल्याकडे रुईवर वाढणारं बिबळ्या कडवा हे मोनार्कच्या सख्ख्या नात्यातलं फुलपाखरू, आणि त्याचा डाव अगदी हाच आहे. नावातच चव सांगून टाकली आहे.

आता आजोबांकडे येऊ. सोयाबीनच्या ओळींतून पहाटे पोरांना हातात कोयते देऊन चालवायचं आणि तण कापून घ्यायचं, ही या भागातली जुनी रीत. उन्हाळी सुट्टीतली पहिली कमाई कित्येकांनी अशीच केली. मिल्कवीड हे त्यातलं चिवट तण. वरून कापलं तरी जमिनीतल्या खोडापासून पुन्हा फुटायचं. म्हणजे एवढा घाम गाळूनही ते शेतात थोडंफार उरायचंच, आणि मोनार्कला तेवढं पुरत होतं. उलट, शेतातल्या झाडांवर बाहेरच्यापेक्षा जवळपास चौपट अंडी सापडत.

१९९६ साली तणनाशक सोसणारं सोयाबीन आलं, पाठोपाठ तसाच मका आला. कोयत्याला जे जमलं नव्हतं ते फवाऱ्यानं केलं. १९९९ ते २०१० या काळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतलं, म्हणजे आयोवा-मिनेसोटाच्या पट्ट्यातलं मिल्कवीड ५८ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. हिवाळ्यात हे मोनार्क मेक्सिकोच्या डोंगरांतल्या देवदारांसारख्या ओयामेल वृक्षांवर गर्दी करतात. त्यांनी व्यापलेल्या जंगलाचं क्षेत्र मोजलं जातं. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टर होतं, २०१३-१४ मध्ये पाऊण हेक्टरही भरलं नाही. जंगलतोड, दुष्काळ, वादळं यांचाही त्यात वाटा आहे, आणि कुणाचा किती यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण अळीला पानच नसेल तर पुढचं सगळं बोलणं फोल.

इथली शेतं आणि मेक्सिकोतलं ते जंगल ही दोन टोकं एकाच वाटेवर आहेत हे कळलं तेही मध्य-पश्चिमेमुळेच. मिनेसोटातल्या चास्का गावी १९७५ च्या ऑगस्टमध्ये एका शिक्षकानं आणि विद्यार्थ्यांनी पंखावर चिठ्ठी चिकटवलेला मोनार्क पुढच्या जानेवारीत मेक्सिकोत सापडला. उन्हाळ्यातली फुलपाखरं दोन ते सहा आठवडे जगतात. शरद ऋतूत जन्मणारी पिढी मात्र प्रजनन थांबवते आणि आठ-नऊ महिने टिकते. न पाहिलेल्या जंगलाकडे हीच जाते.

याच तणाला एकदा देशभक्तीचा मानही मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धात जावातून येणाऱ्या पांढऱ्या सावरीच्या कापसाचा पुरवठा जपाननं तोडला. आरमाराच्या लाइफ जॅकेटात भरायला हलकं, पाणी न धरणारं काही हवं होतं. मिल्कवीडचे केस पोकळ आणि मेणचट असतात. मग शाळकरी पोरं कांद्याच्या गोण्या घेऊन बोंडं गोळा करत फिरली. घोषवाक्य होतं: दोन गोण्या, एक जीव.

आता नात ते परसात लावते. तिचं हे चार झाडांचं काम तुटपुंजंच आहे. एका अंदाजानुसार आणखी १.३ अब्ज रोपं लागतील, आणि ती शेताच्या बांधांवर व रस्त्यांच्या कडेला आल्याशिवाय हिशेब जुळणार नाही. शिवाय साधं मिल्कवीड परसात पसरतं, टोमॅटोच्या वाफ्यात घुसतं. त्यापेक्षा दलदलीतलं गुलाबी फुलांचं मिल्कवीड बरं, ते आपल्या जागी राहतं. तिकडे राहणाऱ्या मराठी बागवानांना मात्र नर्सरीत आपलं हळदीकुंकू दिसलं की मोह होतो. तेही याच कुळातलं, पण परदेशी; दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत ते हिवाळ्यात मरत नाही आणि पानांवर मोनार्कचा एक परजीवी साठत जातो. तिथलीच देशी जात लावावी.

बी वसंतात पेरलं तर बहुतेक रुसतं. त्याला आधी ओल्या मातीत महिनाभर तरी थंडी लागते. म्हणून ते नोव्हेंबरात, बर्फाच्या आधी, नुसतं मातीवर दाबून ठेवतात. त्याच दिवसांत मेक्सिकोतल्या ओयामेलच्या फांद्या केशरी होऊ लागलेल्या असतात.