दगडाला टेकल्यावर काय होतं? नदीतल्या मासेमारीसाठी ड्रिफ्ट बोट की हवेची राफ्ट

अमेरिकेच्या पश्चिमेकडे, म्हणजे ऑरेगन, आयडाहो, मोंटाना, युटा या राज्यांत, ट्राउट मासे धरणारे बरेच जण काठावर बसून राहत नाहीत. सकाळी होडी पाण्यात टाकतात आणि दिवसभरात पंधरा-वीस किलोमीटर प्रवाहाबरोबर वाहत जातात. मधे बसलेला एक जण वल्ही सांभाळतो. एक पुढे आणि एक मागे उभं राहून दगडांच्या आडोशाला, काठावरच्या झुडपांखाली माशी टाकत जातात. माशी म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून किड्यासारखा दिसेल असा केलेला गळ.

या कामासाठी दोन प्रकारच्या होड्या वापरतात. एक ड्रिफ्ट बोट, म्हणजे लाकूड, फायबरग्लास किंवा अॅल्युमिनियमची कडक होडी. दुसरी हवा भरलेली राफ्ट. कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केलेल्यांना राफ्ट ओळखीची वाटेल, पण तिथे सहा-आठ जण हातात एकेक वल्हं घेऊन बसतात. मासेमारीच्या राफ्टवर अॅल्युमिनियमच्या नळ्यांची चौकट पट्ट्यांनी आवळलेली असते. तिच्यावर खुर्च्या, उभं राहताना मांड्या टेकवायला आधार, आणि वल्हवणाऱ्यासाठी दोन लांब वल्ही.

दोन्हींपैकी कोणती घ्यावी हा वाद बहुतेकदा किमतीवर आणि सोयीवर घातला जातो. खरं तर आधी नदीच्या तळाकडे बघायला हवं. होडी दगडाला टेकणार आहे का, आणि टेकली तर किती वेळा, यावर बाकीचं जवळजवळ सगळं ठरतं.

त्याआधी वल्हवण्याची रीत समजून घेऊ. जॉन वेस्ली पॉवेल हा अमेरिकी संशोधक १८६९ मध्ये ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांवरून गेला, तेव्हा त्याच्या होड्यांना समुद्रातल्या होडीसारखा कणा होता आणि वल्हवणारे प्रवाहाकडे पाठ करून बसायचे. पुढचा दगड त्यांना दिसायचाच नाही. १८९० च्या दशकात युटात सापळे लावून जनावरं धरणाऱ्या नॅथॅनिएल गॅलोवेने ही रीत उलटी केली. सपाट तळाची हलकी होडी घ्यायची, तोंड प्रवाहाच्या दिशेला करून बसायचं आणि वल्ही मागे ओढायची. दगड समोर आला की होडीचं नाक दगडाकडेच ठेवायचं, शेपटी सुरक्षित काठाकडे तिरकी करायची आणि ओढायचं. होडीचा वेग कमी होतो आणि ती आडवी सरकून दगडाला टाळते. आजही दोन्ही होड्या अशाच चालवतात.

मासेमारीचं गणितही या मागे ओढण्यावरच उभं आहे. माशी पाण्यावर मोकळी, प्रवाहाच्याच वेगाने वाहताना दिसली तर मासा फसतो. दोरीने ती जराशी ओढली गेली की मागे बारीक रेघ उठते आणि मासा तोंड फिरवतो. काठाजवळ घर्षणामुळे पाणी संथ असतं आणि नदीच्या मध्यावर वेगवान. म्हणून मध्यावरून जाणारी होडी वल्हवणाऱ्याने मागे ओढत काठाच्या पाण्याच्या वेगाशी जुळवून धरायची. हे जमलं तर माशी काही मीटरांऐवजी तीस-चाळीस मीटर मोकळी वाहते. दिवसभर हे करायचं तर होडी कमी कष्टात मागे यायला हवी, आणि इथे ड्रिफ्ट बोट स्पष्ट सरस ठरते.

कारण तिच्या आकारात आहे. तिचा तळ आडवा सपाट, पण लांबीत केळ्यासारखा वाकलेला असतो. दोन्ही टोकं पाण्याच्या वर उचललेली, पाण्यात टेकतो तो फक्त मधला भाग. त्यामुळे एका वल्ह्याच्या ओढीत ती जागच्या जागी फिरते. तळ गुळगुळीत आणि ताठ असल्यामुळे पाणी तिला फारसं अडवत नाही. ऑरेगनमधल्या मॅकेन्झी नदीवर हा आकार घडला. प्लायवूड आल्यावर होड्या हलक्या झाल्या, आणि १९४० च्या दशकात वुडी हिंडमनसारख्या कारागिरांनी त्यांना आजचं रूप दिलं. राफ्टच्या नळ्या मात्र गोल, जाड आणि थोड्या लवचीक. वल्ह्याला दिलेला जोर काही प्रमाणात नळ्या आणि चौकट हलण्यातच जातो, शिवाय पाण्याला घासणारा पृष्ठभागही जास्त. तासाभराने फरक खांद्यांना कळतो.

आता दगड.

उथळ पाण्यात राफ्ट चालते, ड्रिफ्ट बोट अडकते, असं सरसकट म्हणतात. हिशेब करून पाहिला तर बुडण्याची खोली जवळपास सारखीच निघते. होडी १८० किलो, तीन माणसं २४० किलो, सामान ६० किलो, एकूण ४८० किलो. म्हणजे ४८० लिटर पाणी बाजूला सारायला हवं. सोळा फुटी ड्रिफ्ट बोटीचा पाण्याला टेकलेला भाग सुमारे साडेतीन चौरस मीटर धरला तर सरासरी खोली येते १४ सेंटिमीटर. राफ्टचं उत्तर यापासून फार लांब नसतं. फरक पडतो तो टेकल्यानंतर.

समजा, दगडाशी गाठ पडताना होडी आणि माणसं मिळून ४५० किलो आहेत आणि वेग सेकंदाला २ मीटर, म्हणजे भरभर चालण्याएवढा. गतिज ऊर्जा ९०० ज्यूल. राफ्टची नळी दबून ३० सेंटिमीटरमध्ये ही ऊर्जा जिरवते, तेव्हा सरासरी बल ३००० न्यूटन, म्हणजे साधारण ३०० किलो वजनाएवढं. होडीतली माणसं डगमगतात, राफ्ट दगडावरून घसरते किंवा बाजूला वळते. फायबरग्लास २ सेंटिमीटरच दबलं तर बल ४५,००० न्यूटन, साडेचार टनांच्या वर. पुढे उभा असलेला माणूस पाण्यात जाण्याची भीती असतेच, होडीची कडही फुटू शकते. पहिली चीर बहुधा तळ आणि बाजू जिथे जोडलेल्या असतात त्या कोपऱ्यात पडते. कडक होडीतही फरक आहे. फायबरग्लास दगडावरून घसरतं, उघडं अॅल्युमिनियम दगडाला धरून बसतं. म्हणून अॅल्युमिनियमच्या तळाला बाहेरून इपॉक्सीचा गुळगुळीत थर देतात. शिवाय अॅल्युमिनियमचा दगडावर होणारा आवाज डोहात लांबवर जातो.

होडीत पाणी शिरलं तर काय, हाही प्रश्न आहे. ड्रिफ्ट बोटीत १० सेंटिमीटर पाणी साचलं की साडेतीन चौरस मीटरवर ३५० लिटर, म्हणजे ३५० किलोचं वजन वाढतं, आणि ते वजन एका जागी राहत नाही. होडी कलली की पाणी त्याच बाजूला धावतं. आजच्या बहुतेक राफ्टमध्ये ही अडचण नसते. १९८० च्या दशकात आलेल्या नव्या रचनेत तळ वेगळा फुगवतात, तो पाण्याच्या पातळीच्या वर राहतो, आणि कडेच्या भोकांतून आत आलेलं पाणी आपोआप बाहेर पडतं.

दोन्ही होड्यांना सारखाच धोका असतो तो दगडाला आडवं चिकटण्याचा. सेकंदाला अडीच मीटर वेगाचं पाणी दोन चौरस मीटर बाजूवर आदळलं तर ढोबळ हिशेबाने सहाशे किलोहून जास्त जोर लागतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. अशा वेळी माणूस दगडापासून लांब, वरच्या बाजूला सरकतो. नेमकं तेच चुकतं. ती कड खाली जाते, प्रवाह आत शिरतो आणि होडी दगडाभोवती गुंडाळली जाते. सगळ्यांनी झटकन दगडाच्या बाजूला वजन टाकायचं, म्हणजे वरची कड उचलली जाते आणि पाणी खालून निघून जातं. ऑरेगनमधल्या रोग नावाच्या नदीवरच्या ब्लॉसम बार या ठिकाणी दगडांची ओळ कुंपणासारखी उभी आहे, आणि तिथे राफ्ट काय, ड्रिफ्ट बोट काय, दोन्ही अशा चिकटलेल्या आहेत.

राफ्ट घेणाऱ्यांचं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते हवेकडे. मुख्य नळ्यांत साधारण २.५ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब ठेवतात. नळीत सहसा चार कप्पे असतात. एक कप्पा गच्च आणि शेजारचा रिकामा असं कधी करू नये, मधला पडदा ताणून फाटतो. सगळे कप्पे आधी अर्धवट, सारखे भरायचे, मग फेरी मारत एकेक पूर्ण करायचा. चौकटीच्या पट्ट्या राफ्ट पूर्ण फुगल्यावर आवळायच्या. तळ आतून असंख्य धाग्यांनी जोडलेल्या, गादीसारख्या प्रकाराचा असेल तर त्यात ८ ते १० पीएसआय भरतात. तो फळीसारखा कडक होतो, आणि उभं राहून माशी टाकणाऱ्याला हाच तळ हवा.

आता तापमान. मोंटानातलं एनिस गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब १२.२ पीएसआयच्या आसपास. सकाळी १० अंश सेल्सियसला नळीत २.५ भरले की आतला एकूण दाब १४.७. हीच राफ्ट दुपारी ट्रेलरवर उन्हात राहिली आणि आतली हवा ४५ अंशांना गेली, तर एकूण दाब १६.५ होतो, म्हणजे मापकावर ४.३. शिवणी आणि पडदे इथेच जातात. उलट दुपारी ३५ अंशांना २.५ भरून राफ्ट थंड पाण्यात टाकली आणि हवा १५ अंशांवर आली, तर मापकावर दीडच उरतो. राफ्ट मधे वाकते, वल्हं ओढलं की चौकट डुलते आणि लोक पंक्चर शोधत बसतात. राफ्ट पाण्यात टाकून दहा मिनिटं थांबायचं, मग मापक लावून हवा पूर्ण करायची. फुगवलेली राफ्ट घेऊन घाट चढताना आणखी एक भर पडते. हजार मीटर चढलं की बाहेरचा दाब घटल्यामुळे मापकावरचा दाब सुमारे १.४ ने वाढतो. निघण्याआधी थोडी हवा सोडलेली बरी.

कापड दोन प्रकारचं मिळतं, पीव्हीसी आणि हायपॅलॉन. ड्यूपॉन्टने हायपॅलॉनचं उत्पादन २०१० मध्ये बंद केलं, तसंच रबर आता इतर कंपन्या करतात. हे कापड मऊ असतं, थंडीतही घट्ट गुंडाळता येतं. पीव्हीसी ताठ असतं, दगडावरून छान घसरतं. ठिगळ लावताना एकाचा गोंद दुसऱ्याला वापरू नये. ठिगळ भोकाच्या चहूबाजूंनी निदान पाच सेंटिमीटर जास्त हवं आणि गोंद पूर्ण धरायला एक दिवस द्यावा.

आता नद्या. बिगहॉर्न नदीचा यलोटेल धरणाखालचा पट्टा किंवा मिसूरीचा होल्टर धरणाखालचा पट्टा मोठा, बऱ्यापैकी खोल, आणि धरणामुळे प्रवाह बराचसा एकसारखा. दगड कमी. इथे ड्रिफ्ट बोटच घ्यावी. वल्हवणं हलकं, उभं राहायला कडक तळ, आणि दोरी अडकायला पट्ट्या-नळ्या नाहीत. राफ्टवर सैल दोरी चौकटीच्या प्रत्येक खिळीत अडकते, आणि मोठा मासा लागल्यावर ते फार जिव्हारी लागतं. वारा मात्र दोघींनाही छळतो. ड्रिफ्ट बोटीचं उंच नाक शिडासारखं वारा धरतं, हलकी राफ्ट सगळीच ढकलली जाते.

मोंटानातल्या स्मिथ नदीचं वेगळं आहे. कॅम्प बेकरपासून ईडन ब्रिजपर्यंत ९५ किलोमीटर, मधे बाहेर पडायला सार्वजनिक वाट नाही, आणि उन्हाळा सरत आला की पाणी एवढं उतरतं की दगडांवरून होडी ओढावी लागते. इथे राफ्ट हवी. जिथे उतरायला सिमेंटचा उतार नाही, तिथेही चौघांनी उचलून नेता येते ती राफ्टच.

खडकवासल्याच्या बातम्यांमुळे क्युसेक आपल्याला पाठ आहे. तिथेही नदीचा विसर्ग याच एककात मोजतात आणि सरकारी मापन केंद्रांचे ताजे आकडे घरबसल्या बघता येतात. एकच होडी घ्यायची असेल तर आपण ज्या नदीवर जास्त जाणार तिचे ऑगस्टमधले आकडे पाहावेत, वसंतातले नव्हे. बर्फ वितळताना सगळ्याच नद्या खोल दिसतात. वेगवेगळ्या नद्या करायच्या असतील, किंवा वल्हवणारा नवखा असेल, तर राफ्ट घ्यावी. ती चुका सोसते.

नियमही पाहावेत. ऑरेगनमधल्या डेशूट्सच्या खालच्या पट्ट्यात तरंगत्या होडीतून मासेमारीला बंदी आहे, होडी केवळ जाण्यायेण्यासाठी, गळ टाकायचा तो होडीतून उतरून. अशा ठिकाणी कडक तळाचा फायदा उरतच नाही.

नांगर दोन्ही होड्यांना मागच्या टोकाला, बरोबर मध्यावर असतो, वजन ११ ते १६ किलो. तो संथ पाण्यातच टाकावा. वेगवान पाण्यात नांगर दगडात अडकला की दोर मागचं टोक खाली ओढतो आणि त्यावरून पाणी आत येतं. दोर कापायला सुरी अंगावरच्या जॅकेटला लावलेली असावी, पेटीत नव्हे.

परत आल्यावर होडी वाळवणं हे कामच समजावं. सप्टेंबर २०२३ मध्ये आयडाहोतल्या ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीत क्वागा या बाहेरून आलेल्या, झपाट्याने पसरणाऱ्या शिंपल्यांची पिल्लं सापडली. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि होडीत उरलेल्या पाण्यातून दुसऱ्या नदीत जातात. ड्रिफ्ट बोटीचं बूच काढून, ट्रेलर उताराला लावून ती पुसली की तासाभरात कोरडी होते. फक्त पुढच्या वेळी ते बूच लावायला विसरू नये. राफ्टमध्ये तळ आणि नळ्यांच्या मधल्या खाचेत पाणी आणि वाळू दडून राहते. तिला कडेवर उभी करून पाणी निथळू द्यायचं, खाच गोड्या पाण्याने धुऊन वाळू काढायची, तळ थोडा सैल करून फडकं आतपर्यंत फिरवायचं आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच गुंडाळायची. राहिलेली वाळू पुढच्या फेरीत नळीचं कापड आतल्या बाजूने घासत राहते.