विसावा (ख्रिस्ती विवाहविचार)

विसावा : ख्रिस्ती विवाहविचारातील एक जुनी कल्पना. लग्नाच्या घरात दोघांनाही शांती आणि सुरक्षितता मिळावी, आणि ती देवाच्या साक्षीने मिळावी, असा तिचा आशय. तिचे मूळ बायबलच्या जुन्या करारातील रूथच्या पुस्तकात सापडते. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी आपल्या विधवा सुनांना आईच्या घरी परत जायला सांगते आणि पुन्हा लग्न होऊन नवऱ्याच्या घरी तुम्हाला विसावा मिळो, असा आशीर्वाद देते (रूथ १:९). मूळ हिब्रू शब्द ‘मनूहा’. लांबून चालत आलेल्याला पाठ टेकायला मिळणारी हक्काची जागा, असा त्याचा भाव. सासूने सुनेसाठी हे मागावे, यातले अप्रूप मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

बायबलमधील शांतीसाठीचा शब्द ‘शालोम’. त्यात अभंगपणा, पुरेपणा हा अर्थ आहे. नवऱ्याची चप्पल दाराशी वाजली की बायको आणि पोरे गप्प होतात, अशा घरात शांतता असते, शालोम नसते. मलाखी हा संदेष्टा परमेश्वराला नवराबायकोमधला साक्षीदार म्हणतो आणि पत्नीचा विश्वासघात करणाऱ्याला त्याच नात्याने जाब विचारतो (२:१४). भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे (१८७२) लग्न लावणाऱ्याखेरीज किमान दोन साक्षीदार लागतात आणि नोंदवहीत त्यांच्या सह्या होतात. मलाखीच्या साक्षीदाराची सही तेवढी कुठे नसते. कॅथलिक चर्च विवाहाला संस्कार मानते, तर प्रॉटेस्टंट मंडळ्या करार या शब्दावर भर देतात. सातारा-सांगली भागात प्रॉटेस्टंट परंपरा जुनी आहे. साताऱ्याकडे अमेरिकन मराठी मिशनचे काम होते, तर सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे. मिरजेचे वानलेस रुग्णालय (१८९४) या प्रेसबिटेरियन मिशनचे. या दोन्ही परंपरांतील बऱ्याच मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या.

रोजच्या व्यवहारात ही कल्पना दिसते ती कौटुंबिक प्रार्थनेत. जेवणे उरकली की चटई अंथरायची, ‘उपासना संगीत’ या भजनसंग्रहातले एखादे गीत म्हणायचे, बायबलमधला उतारा वाचायचा आणि मग एकाने मोठ्याने प्रार्थना करायची. घरात कोणी नर्स असेल तर हे सगळे तिच्या ड्यूटीप्रमाणे पुढेमागे होते. खरी परीक्षा प्रार्थनेची पाळी आल्यावर. दुपारपासून अबोला धरलेल्या माणसाला आता बायकोचे नाव घेऊन, तिच्यासमोर, तिच्यासाठी देवाकडे काही मागायचे असते. घसा खाकरला जातो, धाकटे पोर एक डोळा किलकिला करून बघते. राग पोटात ठेवून सूर्य मावळू देऊ नये, हे पौलाचे सांगणे (इफिस ४:२६) इतक्या घरगुती पातळीवर उतरते. पेत्राचे पहिले पत्र तर नवऱ्याला सरळ बजावते : पत्नीला मान दिला नाहीस तर तुझ्या प्रार्थनेलाच अडथळा येईल (३:७). प्रपंचातल्या वागणुकीवर भक्तीची गुणवत्ता ठरवणारे हे वचन लग्नाच्या प्रवचनांत आणखी पुष्कळदा ऐकू यायला हवे.

श्रद्धा आली की घरात आपोआप शांती येते, असे मात्र नाही. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांचा संसार मोडल्यातच जमा झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या त्या सुरुवातीला आपले सोवळेओवळे सांभाळूनच. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने झाला. टिळकांचा तापटपणा ख्रिस्ती झाल्याने संपला नाही. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तो लक्ष्मीबाईंनी झाकलेला नाही आणि त्याचे भांडवलही केलेले नाही. या संसारात विसावा कुठे असेल तर तो बाईला तिच्या गतीने विचार करू देण्यात. १९१७ मध्ये टिळक मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. असा दरबार टिळकांच्या स्वतःच्या घरात आधी भरून गेला होता, असे म्हणायचा मोह होतो.

या कल्पनेचा दुरुपयोगही होतो. मार खाऊन आलेल्या बाईला ‘प्रार्थना कर, सहन कर, हा तुझा क्रूस आहे’ असे सांगून परत पाठवले जाते. शुभवर्तमानात येशू म्हणतो ते ज्याने त्याने आपला क्रूस उचलण्याविषयी (मार्क ८:३४). दुसऱ्याच्या हाताचा मार त्यात बसत नाही. ‘पत्नींनो, अधीन असा’ हा इफिसकरांस पत्रातील भागही त्याच्या आधीचे वाक्य गाळून वाचला जातो. ते वाक्य सगळ्यांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते (५:२१), आणि पुढचा मोठा भाग नवऱ्याने स्वतःला वाहून देण्याविषयी आहे. कॅथलिक चर्चच्या कायदेसंहितेत (कॅनन लॉ) जोडीदारामुळे शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा आहे (कलम ११५३).

देशाचा कायदा या बाबतीत उशिरा जागा झाला. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते. पत्नीला मात्र सहसा पतीच्या व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा परित्यागही दाखवावा लागे. नुसती मारहाण हे घटस्फोटाचे कारणच नव्हते. २००१ च्या दुरुस्तीने क्रूरता हे दोघांसाठी स्वतंत्र कारण झाले आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची सोयही आली. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्वधर्मीय स्त्रियांना लागू आहे. त्याने स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला, मग ते घर तिच्या नावावर असो वा नसो. नामीने सुनांसाठी मागितलेल्या जागेशी याचे बरेच जुळते. या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला कळवण्याचे काम पीडित स्त्रीनेच करावे असे नाही. शेजारी, महिला मंडळातली एखादी बाई किंवा स्वतः मंडळीचे धर्मगुरू म्हणजे पाळकसाहेबही ते करू शकतात, आणि सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याची कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. महिलांसाठीची मदतवाहिनी १८१ या क्रमांकावर आहे.