फातिमाच्या रहस्यात 'तीन दिवसांचा अंधार' नाही
ऑक्टोबर आला की आमच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: पोर्तुगालमधल्या फातिमा गावच्या तिसऱ्या रहस्यात तीन दिवसांच्या अंधाराची भविष्यवाणी आहे, आशीर्वादित मेणबत्त्या घरात ठेवा. मेणबत्त्या जरूर ठेवा, वीज जातेच! पण रहस्यात तसलं काही नाही.

पोर्तुगालमध्ये मे ते ऑक्टोबर १९१७ या काळात मेंढरं राखणाऱ्या लुसिया, फ्रान्सिस्को आणि जसिंता या मुलांना पवित्र मरियेचं दर्शन झालं, असं त्यांनी सांगितलं. सर्वांत मोठी लुसिया, तीही दहाच वर्षांची. १३ जुलैच्या दर्शनात त्यांनी पाहिला तो नरक, स्वर्ग नव्हे. त्याच दर्शनाचा तिसरा भाग, म्हणजेच 'तिसरं रहस्य', लुसियाने १९४४ मध्ये लिहून काढला. पोप तेविसावे जॉन यांनी १९५९ मध्ये तो वाचला, पण प्रसिद्ध केला नाही. तिथूनच अफवांचं पीक आलं.

२६ जून २००० रोजी व्हॅटिकनने पूर्ण मजकूर छापला. त्यात ज्वालांची तलवार घेतलेला देवदूत आहे, अर्धं उद्ध्वस्त शहर आहे, डोंगरावरच्या क्रुसापाशी सैनिकांच्या गोळ्या-बाणांनी मारले जाणारे शुभ्र वस्त्रांतले बिशप आहेत. तारीख नाही, जगबुडी नाही. सोबतच्या भाष्यात कार्डिनल रात्झिंगर (पुढे पोप झालेले सोळावे बेनेडिक्ट) यांनी स्पष्टच लिहिलं की अशी खासगी दर्शनं श्रद्धेला मदत करतात, ती मानण्याची सक्ती नाही.