घर तरंगवायचं तर फरशीचा हिशोब आधी

मे महिन्यात नागपुरात पाण्यावरच्या घराचं स्वप्न कोणालाही पडेल. आमचे भाऊजी केरळात आलप्पुळाला चार दिवस राहून आले आणि हाऊसबोटच घ्यायची म्हणून बसले. जुनी बोट, आत व्हिट्रिफाइड टाइल्स, ग्रॅनाइटचा ओटा, छतावर हजार लिटरची टाकी. "एवढी मोठी बोट, तिला काय होते?"

मी त्यांना कूलरजवळ नेलं. टाकीतल्या पाण्यात प्लास्टिकचा पसरट डबा सोडला, त्यात अर्धा किलो तुरीच्या डाळीचं पाकीट ठेवलं. डबा थोडा खाली बसला, पण स्थिर. मग झाकण लावून तेच पाकीट झाकणावर ठेवलं. बोटाने जरा ढकललं आणि डबा कलंडला. (डाळ वाळवण्याचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.)

वजन तेच, जागा बदलली. बोट एका बाजूला झुकली की ती बाजू पाण्यात जास्त बुडते, तिथलं पाणी जास्त रेटतं आणि बोट सरळ होते. पण वजन फार वर असेल तर झुकताना तेही बाहेर सरकतं. पाण्याचा रेटा जिथून वर येतो त्याच्याही पलीकडे ते गेलं, की बोट सावरत नाही, उलटते.

केरळात जिची हाऊसबोट करतात ती केट्टुवळ्ळम मुळात भात वाहणारी नाव. फणसाच्या भाऊबंदातल्या आंजिली लाकडाच्या फळ्या, खिळ्यांऐवजी काथ्याने बांधलेल्या. पोत्यांचा भार तिच्या पोटात असायचा. आपण घर करायला जातो आणि भार नेमका डोक्यावर चढवतो. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन! त्यात टाकी अर्धी असली तर आणखी वाईट; बोट झुकली की पाणीही त्याच बाजूला धावतं. म्हणून टाकी तळाशी, आत पाणी अडवायला उभ्या पट्ट्या घालून.

आता फरशी. टाइल आणि खालचा सिमेंटचा मसाला मिळून चौरस मीटरला साधारण शंभर किलो. चाळीस चौरस मीटरला चार टन. पाण्याच्या पातळीवर बोटीचं क्षेत्रफळ साठ चौरस मीटर धरलं, तर आर्किमिडीजच्या हिशोबाने (जेवढं वजन चढलं, तेवढ्याच वजनाचं पाणी बाजूला सारेपर्यंत बोट बसते) ती जवळजवळ सात सेंटिमीटर खाली जाणार. तेवढीच जागा १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायने (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवुडने) झाकली तर अर्ध्या टनाच्या आत काम होतं, बोट सेंटिमीटरभरही बसत नाही.

भाऊजींनी टाइल्स सोडल्या, टाकी खाली घेतली. ओट्यावर मात्र ताई अडली: ग्रॅनाइटच पाहिजे. तीन मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद, दोन सेंटिमीटर जाड, म्हणजे शंभरेक किलो, तेही एकाच भिंतीला. शेवटी तोल साधायला कागदावर समोरच्या बाजूला, तळाशी, तेवढ्याच वजनाच्या बॅटऱ्या काढल्या.